तपशील सोबत जोडला आहे

स्वतःची चूक सापडली की ज्याला दोन घास जास्त जातात, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातं मुळात तुलनेसाठीच निर्माण झालेलं असावं. एका घरात दोन जावई झाले की सासुरवाडीच्या हातात आपोआप तराजू येतो, आणि आमच्या बाबतीत तो तराजू गेली पंचवीस-सव्वीस वर्षं एकाच बाजूला कललेला आहे. ती बाजू माझी नाही. माझी बायको आपल्या या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि आता बदनापूरची अर्धीअधिक माणसं काही नातं नसताना दाजीच म्हणतात. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्याला लागून असलेल्या लॅबमध्ये दाजींनी तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. मी त्याच गावात तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळतो, म्हणजे आलेला कागद नोंदवून घ्यायचा आणि जाणारा कागद सावकाश जाऊ द्यायचा. जालन्याहून येणारी माझी सकाळची गाडी कचेरीच्या वेळेच्या बरीच आधी पोचते. लवकर जाऊन कचेरीत वाईट पायंडा पाडायचा नाही, म्हणून मी आधी लॅबमध्ये चहाला बसत असे. त्या चहापायी जे दिसलं ते सांगतो.

आमची पहिली भेट मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. टेंभुर्णीला सासऱ्यांच्या घरी मी आणि माझे काका सतरंजीवर बसलो होतो. सगळी मंडळी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि कोपऱ्यात बसलेला एक काटकुळा गृहस्थ माझ्या कोपराच्या आतल्या बाजूकडे बघत होता. पोह्यांच्या बशा आल्या तसा तो पहिल्यांदा बोलला. "पाव्हणं, उपाशीपोटी आलात का?" मला वाटलं, किती आपुलकीचा माणूस. मी म्हटलं, "हो, सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही." "मंग पोहे जरा थांबवा," असं आतल्या बाजूला सांगून त्याने पिशवीतून सुई, कापूस आणि दोन नळ्या काढल्या. काका गडबडले. सासरे म्हणाले, "आमचे थोरले जावई हायेत. त्यांचा तो नियमच हाय." मी हात पुढे केला, कारण आतल्या दाराच्या फटीतून जे काही दिसलं होतं, त्यासाठी थोडं रक्त द्यायची माझी तयारी होती. चौथ्या दिवशी होकार आला आणि त्याबरोबर माझा रिपोर्टही आला. त्यावर नाव, वय, लिंग, तारीख आणि वेळ असं सगळं व्यवस्थित टंकलेलं होतं. लिंगाबद्दल सासऱ्यांची खात्री त्यावरूनच पटली असावी.

दाजींना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, शिरा राहतात. बाजारात कोणी नमस्कार केला तर ते पाच-दहा क्षण कोरे उभे राहतात, मग त्या माणसाने पिशवी सावरायला बाही वर केली की यांचा चेहरा उजळतो. "उजव्या हाताची शीर लपती, डावी मोकळी. तुम्ही मागच्या उन्हाळ्यात आल्ते." माणूस चाट पडतो. घरात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी. लोणच्याच्या बरणीवर, मिठाच्या डब्यावर, दुधाच्या पातेल्यावर तारीख आणि वेळ, आणि खाली आद्याक्षरं. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "माझ्या कपाळावर तेवढी चिठ्ठी लावायची राह्यली." त्यावर दाजी खरोखर विचारात पडले होते, असं माझी बायको शपथेवर सांगते.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे यंत्राची आधी परीक्षा घ्यायची आणि मगच नमुन्याची. लॅबमध्ये रोज सकाळी ज्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे असा एक नमुना ते यंत्राला देतात. उत्तर बरोबर आलं तर दिवस सुरू, नाही तर यंत्राची उलटतपासणी. इथवर कोणाची तक्रार नाही. पण हाच न्याय त्यांनी स्वतःच्या जिभेला लावला. अंकुशनगरहून आणलेल्या गुळाचा एक खडा त्यांच्या डबीत असतो. सणावाराला ताटात काही नवीन पदार्थ आला, की आधी गुळाचा कण जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, जीभ आज बराबर चालली आहे याची खात्री करायची, आणि मग बासुंदीबद्दल मत द्यायचं. तोवर वाढणारी बाई पळी घेऊन तशीच उभी. माझ्या बायकोने एकदा हौसेने नव्या पद्धतीची आमटी केली होती. दाजींनी गूळ चाखला, आमटी चाखली, पुन्हा गूळ चाखला आणि म्हणाले, "जिभेत दोष न्हाई." त्यानंतर ती आमटी आमच्या घरात पुन्हा शिजली नाही.

आणि इतकं सगळं तपासून झाल्यावर हा माणूस निकाल मात्र तोंडाने सांगत नाही. "दाजी, साखर किती निघाली?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कागदावर हाय. डॉक्टरांला दाखवा." वाढली का, कमी झाली का, हेसुद्धा नाही. लोक मग त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज काढायचे, म्हणून रिपोर्ट देताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. लोकांनी तारखांवरून अंदाज काढायला सुरुवात केली. मी साडू, घरचा माणूस, मला तरी सांगतील असं वाटून मी एकदा माझ्या रिपोर्टबद्दल खोदून विचारलं. ते म्हणाले, "आकड्याच्या बाजूला कंसात काय लिव्हलंय ते वाचता येतं का तुम्हाला?" मी म्हटलं, येतं. "मंग वाचा," म्हणाले, आणि चहा पुढे सरकवला. त्यात साखर नव्हती, त्यावरून मी काय ते समजलो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दाजींची एक वही आहे. एक म्हणजे, भरली की दुसरी, अशा बऱ्याच झाल्या. लाल रेक्झिनचं कव्हर, आत तांबड्या रेघांचे रकाने, आणि त्यांत तीस वर्षांत हातून झालेली प्रत्येक चूक. लहान नाही, मोठी नाही, प्रत्येक. नळीवर तारीख टाकताना हात अडखळला, चूक. बाटली उलटी ठेवली, चूक. एक नोंद मला पाठ आहे: "आजीबाईंना दोनदा टोचले. पहिली शीर हुकली. कारण: एसटी गाठण्याची घाई. आजीबाईंनी शिवी दिली. शिवी योग्य." आमच्या कचेरीत अशी वही ठेवायची म्हटलं तर कागद पुरवताना शासन बुडेल. पण दाजी संध्याकाळी दुकान आवरल्यासारखं टेबल आवरून ती वही लिहायला बसत, आणि त्या दिवशी लिहायला काही मिळालं तर घरी जाऊन एक भाकरी जास्त खात. ताईंना भाकरीच्या हिशेबावरूनच कळायचं, आज लॅबमध्ये काहीतरी झालं.

वहीतली सगळ्यात मोठी नोंद नळ्यांच्या अदलाबदलीची आहे. एकाच गावचे, एकाच नावाचे, जवळपास एकाच वयाचे दोन शेतकरी एकाच सकाळी आले आणि त्यांचे रिपोर्ट एकमेकांना गेले. आठवड्याभराने जुने नमुने टाकून देताना दाजींच्या लक्षात आलं. फोन करून भागलं असतं. दाजी पहिल्या एसटीने त्या गावात जाऊन अंगणात हात जोडून उभे राहिले. धडधाकट असलेला तो पहिला बिचारा आठ दिवस कारल्याचा रस पीत होता आणि बायको त्याच्याकडे बघून डोळे पुसत होती. आणि ज्याची साखर खरंच वाढलेली होती, तो दुसरा, पुतणीच्या बारशाचे पेढे खात होता. "चूक माझी हाय," दाजी म्हणाले. "तुम्हाला साखर न्हाई." त्या माणसाला राग यायला हवा होता. पण आठ दिवस कारलं प्यालेल्या माणसाला रागाआधी भूक येते. त्याने विचारलं, "मंग आज पुरणपोळी चालती का?" दाजी म्हणाले, "ते डॉक्टरांला विचारा." दुसऱ्याला मात्र ते आपल्याबरोबर एसटीत बसवून डॉक्टरांकडे घेऊन आले, आणि तेव्हापासून नळीवर आईचं नावसुद्धा लिहायला लागले.

असा माणूस, आणि त्याच्या धंद्याला कुठे नोंदणी नाही, हे दाजींचं जुनं दुखणं होतं. डॉक्टरांना नंबर असतो, औषधाच्या दुकानदाराला असतो, नर्सबाईंना असतो. रक्त तपासणाऱ्याला, एक्स-रे काढणाऱ्याला काहीच नाही. कोणीही उठावं, तीन महिने कुठेतरी नळ्या धुवाव्यात आणि चौथ्या महिन्यात पाटी लावावी. गावात एकाने तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातच अर्ध्या भागात लॅब काढली होती. दाजी रोज चहाच्या वेळी मला ऐकवायचे, जणू काही माझ्याच टेबलावर ती फाइल अडकली होती. "बैलबाजारात बैलाला दाखला लागतो. दुकानातल्या तराजूवर शिक्का लागतो. अन् माणसाच्या अंगात सुई घालणाऱ्याला इचारणारं कोणी न्हाई. हे बराबर हाय का?" मी म्हणायचो, बराबर नाही. मान्य केलं की चहा लवकर यायचा.

आणि एक दिवस खरोखरच झालं. सरकारने या कामासाठी मुंबईत नेमलेल्या परिषदेने अशा सगळ्या तंत्रज्ञांची नोंदणी सुरू केली. अर्ज ऑनलाइन करायचा, पदविका, अनुभवाचा दाखला वगैरे जोडायचं, छाननी होऊन नंबर मिळणार, आणि पुढे नंबर असल्याशिवाय काम करता येणार नाही. दाजींचा आनंद काय वर्णावा. त्यांनी तालुक्यातले सगळे तंत्रज्ञ गोळा केले. रक्तवाले, एक्स-रेवाले, ऑपरेशनच्या खोलीत यंत्रं सांभाळणारे, सगळे रविवारी ताईंच्या ओट्यावर. कोणाचा फोटो फार मोठा, कोणाच्या आधार कार्डावरची जन्मतारीख वडिलांच्या वयाची, कोणाच्या पदविकेला वाळवी लागलेली. दाजी एकेकाचा अर्ज दोनदा वाचत, मग ताईंना वाचायला लावत, मग पाठवत. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, आता पन्नाशीला आलेल्या लॅबमधल्या बाईंचा अर्ज तर त्यांनी तीन रविवार वाचला. सगळ्यांचे झाल्यावर त्यांनी स्वतःचा अर्ज उघडला, आणि मी त्या दिवशी नेमका तिथे होतो, हे माझं नशीब.

अर्जात शेवटी एक प्रश्न होता. आपल्या हातून व्यवसायात काही चूक वा गैरवर्तन घडले आहे काय, असल्यास तपशील जोडावा. ओट्यावर बसून गेलेल्या सगळ्यांनी तिथे "नाही" लिहिलं होतं. दाजींनी लिहिलं, "होय. तपशील सोबत जोडला आहे." आणि मला म्हणाले, "चला, झेरॉक्स काढून आणू." मला क्षणभर कळेचना. मग कळलं तेव्हा मी हात जोडले. मी म्हटलं, "दाजी, मी सरकारी कागदांत आयुष्य काढलं. रकाना भरायचा म्हणजे रिकामा दिसू नये इतकंच लिहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची." ते म्हणाले, "इचारलंय ना त्यांनी?" मी म्हटलं, "ते सगळ्यांनाच विचारतात. उत्तर ऐकायला कोण विचारतं?" ताई आतून म्हणाल्या, "हे काय रोजगार हमीचं काम हाय का, मागंल त्याला मिळायला? नंबर न्हाई मिळाला तर काय करणार?" दाजी शांतपणे वह्यांवरची धूळ पुसत म्हणाले, "दुसऱ्याला नंबर पाहिजे म्हणून मी वीस वर्षं बोंबलून राह्यलो. अन् आपल्या टायमाला खोटं लिव्हायचं?" संगणक एवढी पानं घेईना, म्हणून पहिला भाग अर्जाबरोबर गेला आणि बाकीचा गठ्ठा पोस्टाने. पोस्टातल्या माणसाने विचारलं, "आत काय आहे?" दाजी म्हणाले, "चुका." त्याने वजन केलं आणि तिकिटं लावली.

सगळ्यांचे नंबर आले. लॅबमधल्या बाईंचा आला, एक्स-रेवाल्याचा आला. मोबाइलवाल्याने तर कुठूनशी पदविका पैदा करून अर्ज केला होता. तो फेटाळला गेला आणि त्याने सगळी जागा पुन्हा मोबाइलला दिली, एवढं मात्र त्या परिषदेने चांगलं केलं. दाजींच्या अर्जापुढे एकच शब्द येऊन बसला, "छाननीखाली". महिना गेला, दुसरा गेला. शेवटी डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावलं. ते भले गृहस्थ, त्यांचाही जीव खाली-वर होत होता. म्हणाले, "दाजी, तपासणी येणार आहे. नंबर नसलेला माणूस लॅबमध्ये दिसला तर दोघांनाही जड जाईल. नंबर येईपर्यंत घरी बसा." दाजी म्हणाले, "बिलकुल बराबर हाय." आणि घरी मात्र बसले नाहीत.

लॅबच्या दाराबाहेर रुग्णांसाठी बाक आहे. दुसऱ्या दिवसापासून दाजी रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या बाकाच्या टोकाला बसू लागले. दाराचा उंबरठा त्यांनी एकदाही ओलांडला नाही. आत बाईंना काही अडलं तर त्या दारापाशी येऊन विचारत आणि हे बाहेरून उत्तर देत. बाकावर बसलेल्या माणसांचे हात ते डोळ्यांनी तपासत. "डावा द्या आत. उजवा दिऊ नका, उजवी शीर पळती तुमची." एखादा नवखा विचारायचा, "तुम्हाला काय झालंय, बाबा?" दाजी म्हणायचे, "छाननी." तो माणूस मग थोडा लांब सरकून बसायचा. मी चहा आता बाकावरच घ्यायला लागलो. बाहेरून सगळं हसण्यासारखंच होतं आणि मी हसतही होतो, पण सहा महिने रोज एका माणसाला स्वतःच्याच दाराबाहेर बसलेलं बघणं सोपं नाही. जेवण तर एका भाकरीवर आलं होतं, असं ताई सांगत होत्या. चूकच होत नव्हती, तर जेवण कुठून जाणार?

मग मुंबईहून बोलावणं आलं. मी रजा टाकून बरोबर गेलो, कारण दाजी एकटे गेले तर आणखी काहीतरी कबूल करून येतील अशी ताईंना भीती होती. लांब टेबलामागे तिघं बसली होती. त्यांच्यापुढे दाजींचा तो गठ्ठा होता, आणि मधल्या चष्मेवाल्या बाईंनी त्यात ठिकठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. म्हणजे कोणीतरी खरंच वाचलं होतं. आवक विभागातला माणूस म्हणून मला त्याचाच जास्त धक्का बसला. डावीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही का पाठवलंत?"

"अर्जात इचारलं होतं."

"ते गंभीर चुकांबद्दल विचारलेलं असतं."

"मोठी का लहान ते लिव्हलं नव्हतं, साहेब. अन् कोणती गंभीर, ते ठरवायला मी कोण?"

गृहस्थ खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "एवढ्या चुका ज्याने केल्या, त्याला आम्ही नंबर द्यावा असं तुम्हाला वाटतं?" मी दाजींच्या शर्टाची बाही ओढली. दाजींनी मात्र परीक्षेतल्या प्रश्नावर करावा तसा त्यावर विचार केला. म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. पण साहेब, ह्या सापडलेल्या हायेत. न सापडलेल्या किती असतील, ते मलाबी माहीत न्हाई. त्यापायी झोप येत न्हाई कधीमधी." मग चष्मेवाल्या बाईंनी एक चिठ्ठी लावलेलं पान उघडलं आणि गंभीर चेहऱ्याने वाचलं, "आजीबाईंनी शिवी दिली. शिवी योग्य." आणि त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, ते नुसते हसण्यानेच ओले झाले होते की काय, ते मला सांगता येणार नाही.

महिन्याच्या आत नंबर आला. बदनापुरात त्या दिवशी मी स्वतःच्या खिशातून पेढे वाटले, यावरून काय ते समजा. डॉक्टरांनी प्रमाणपत्राला चौकट करून आणली. दाजींनी ती चौकट लॅबच्या भिंतीवर स्वतः लावली, पातळी धरून बघितली, रेघभर डावीकडे सरकवली, आणि उंबरठा ओलांडून आपल्या जागेवर बसले. ताईंनी त्या दिवशी बासुंदी केली. दाजींनी गूळ न चाखताच वाटी उचलली, तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

आणि इथे गोष्ट संपवता आली असती तर मला फार आवडलं असतं. पण तीनेक आठवड्यांनी मी माझं रक्त द्यायला खुर्चीत बसलो. दाजींनी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई हातात घेतली आणि थांबले. मी डोळे मिटून बसलो होतो. टोचलं नाही म्हणून उघडले. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. मग सुई ठेवून त्यांनी बाईंना हाक मारली. "आज तुम्ही घ्या." नंतर बाकावर चहा पिताना म्हणाले, "सहा महिने सुई न्हाई धरली. हात बदलला, पाव्हणं. कापतो. चार लोकांला दोनदा टोचून राह्यलो ह्या हप्त्यात."

मी म्हटलं, "होईल सवय पुन्हा. आणि कोणाला कळतंय?"

"मला कळून राह्यलं ना."

"अहो, मग सुई बाईंना द्या. तुम्ही यंत्रापाशी बसा. वह्या लिहा."

त्यांनी मान हलवली. "नंबर कशापायी असतो? समोरच्यानं डोळे मिटून हात पुढं करावा म्हणून. तुम्ही आत्ता मिटले होते."

त्यांनी त्याच दुपारी परिषदेला पत्र लिहिलं. हात पूर्वीसारखा चालत नाही, सबब माझे नाव नोंदवहीतून कमी करावे. दोनदा वाचलं, सही केली, लिफाफ्यात घातलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमचं खातंच हाय हे. आजच्या डाकेत जाऊ द्या." वीस वर्षं त्या नंबरासाठी भांडलेला माणूस, सहा महिने त्याच्यासाठी बाकावर बसलेला माणूस, आणि तीन आठवडे वापरून परत करत होता. मला त्यांचा राग आला, आणि इतकं वाईट वाटलं की कचेरीत त्या दिवशी मी आवकाचे कागद जावकात नोंदवले.

मी आवक-जावकचा माणूस आहे. कागद कसा पाठवायचा हे मला कळतं, आणि कसा पाठवायचा नाही, हे त्याहून जास्त. तो लिफाफा माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे. दाजींनी त्या दिवसापासून सुईला हात लावलेला नाही, लॅबमध्येही ते आता काम म्हणून जात नाहीत, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नाही. फक्त मुंबईतल्या त्या नोंदवहीत त्यांचं नाव अजून आहे, आणि ते आहे एवढ्यानेच मला बरं वाटतं. सुरुवातीला मला धास्ती होती. मेडिकलमधून कापसाचं पुडकं आणलं तरी पावती मागणारा हा माणूस, दुसऱ्याच दिवशी पोस्टाची पावती मागणार. मी दोन-तीन उत्तरं तयारही ठेवली होती. आता वर्ष होत आलं. आम्ही रोज बाकावर चहा पितो, पाऊसपाण्याचं, पोरांच्या लग्नांचं बोलतो. त्यांनी पावती अजून मागितलेली नाही.